धाकट्या दात्याची गोष्ट

"काका, मी नाही म्हटलं तर?"

बऱ्याच वर्षांपूर्वी, शनिवारच्या मराठी शाळेतून घरी सोडताना, मागच्या सीटवर बसलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाने मला हा प्रश्न विचारला होता. त्याच्या तेरा वर्षांच्या दादाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला होता. घरातल्या सगळ्यांच्या रक्ताची तपासणी झाली आणि याची अस्थिमज्जा दादाशी तंतोतंत जुळली. आईवडिलांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले, आम्ही मित्रमंडळींनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. याला मात्र कोणी काही विचारले नव्हते. "तू तर शूर आहेस," असे काहीतरी गुळमुळीत बोलून मी वेळ मारून नेली. ते उत्तर नव्हते, हे त्यालाही कळले असणार.

तो प्रश्न मनातून गेला नाही. पुढे वाचन करताना लक्षात आले की आपण राहतो त्या मॅसॅच्युसेट्समध्येच, तेही न्यायालयात, हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला होता. तो इतिहास मंडळाच्या वाचकांसमोर ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

जुळ्यांपासून सुरुवात

२३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात डॉ. जोसेफ मरे यांनी जगातले पहिले यशस्वी मूत्रपिंड-रोपण केले. रिचर्ड हेरिकची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती, आणि दाता होता त्याचा जुळा भाऊ रोनाल्ड. दोघेही तेवीस वर्षांचे. ते एकाच बीजाचे जुळे आहेत याची खात्री करण्यासाठी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला, बोटांचे ठसेसुद्धा घेतले. डॉ. मरे यांनी वकिलांचा आणि धर्मगुरूंचाही सल्ला घेतला, कारण धडधाकट माणसाच्या शरीरावर त्याच्या स्वतःच्या आजारासाठी नसलेली शस्त्रक्रिया करणे वैद्यकीय शपथेत बसते का, याबद्दल डॉक्टरांनाच शंका होती. आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवली की तू घरी निघून जा. रोनाल्डने उलट कळवले की मी इथेच थांबणार. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला, त्याचे लग्न झाले, मुली झाल्या. रोनाल्ड एका मूत्रपिंडावर २०१० पर्यंत, एकोणऐंशी वर्षे जगला.

रोनाल्ड सज्ञान होता. त्याला 'नाही' म्हणता येत होते, आणि भावानेच तशी वाट करून दिली होती. पण दाताच अज्ञान असेल तर काय?

ही वेळ यायला तीन वर्षेही लागली नाहीत. १९५७ मध्ये त्याच रुग्णालयात जुळ्यांच्या तीन जोड्या आल्या. एक जोडी एकोणीस वर्षांची (तेव्हा सज्ञान होण्याचे वय एकवीस होते) आणि दोन जोड्या चौदा वर्षांच्या. कायद्याची अडचण साधी होती. आईवडील मुलाच्या शस्त्रक्रियेला संमती देतात ती त्या मुलाच्या भल्यासाठी. इथे दात्या मुलाचे भले कोणते? त्याला तर एक मूत्रपिंड गमवावे लागणार! रुग्णालयाने मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. दात्याचे मूत्रपिंड काढणारे शल्यविशारद डॉ. हार्टवेल हॅरिसन यांचे नाव या तिन्ही खटल्यांना प्रतिवादी म्हणून कायमचे चिकटले.

न्यायालयाने मानसोपचारतज्ज्ञांची साक्ष घेतली आणि तोडगा काढला. जुळा भाऊ मेला तर मागे राहणाऱ्याच्या मनावर भयंकर आघात होईल. तो आघात टळणे हाच दात्याचा लाभ. म्हणून परवानगी. दात्या मुलांना सगळे समजले आहे आणि ती राजी आहेत, हेही न्यायालयाने पाहिले.

वाचकहो, हा युक्तिवाद नीट पाहण्यासारखा आहे. तो खोटा नाही. भावंड गेल्याचे दुःख काय असते ते आपण जाणतो. पण तो फार सोयीचाही आहे. ज्याच्याकडून घ्यायचे, त्याच्याच भल्यासाठी घेतो आहोत, असे म्हटले की देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे हित वेगळे असू शकते ही गोष्टच नजरेआड होते.

न्यायालयांची ओढाताण

आणि झालेही तसेच. १९६९ मध्ये केंटकीच्या न्यायालयासमोर सत्तावीस वर्षांचा एक माणूस होता, बुद्धीने मात्र सहा वर्षांच्या मुलाएवढा. तो संस्थेत राहत असे. त्याच्या थोरल्या भावाला मूत्रपिंड हवे होते. भाऊ गेला तर याचा आधार जाईल, या कारणाने न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी परवानगी दिली. १९७२ मध्ये कनेक्टिकटमध्ये आठ वर्षेही पूर्ण न झालेल्या जुळ्या बहिणींच्या बाबतीत परवानगी मिळाली. तिथे एक चांगली गोष्ट घडली: दोन्ही मुलींसाठी न्यायालयाने स्वतंत्र पालक नेमले होते. आईवडील दोघींचेही असतात, त्यामुळे एकटीच्याच बाजूने बोलणारे कोणीतरी हवे, हे तिथे मान्य झाले.

पण १९७३ मध्ये लुईझियानाने आणि १९७५ मध्ये विस्कॉन्सिनने, दाता मतिमंद किंवा मनोरुग्ण असताना, साफ नकार दिला. ज्याला स्वतः दान करता येत नाही त्याच्या वतीने दुसऱ्याने दानशूर होऊ नये, असा त्यांचा सूर होता.

एव्हाना अस्थिमज्जेचे युग सुरू झाले होते. १९६८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट गुड यांनी प्रतिकारशक्तीच नसलेल्या एका तान्ह्या मुलाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली आणि तो वाचला. मुंबईत टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये भारतातले पहिले अस्थिमज्जा-रोपण केले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या डॉ. अडवाणींनी हे तंत्र सिॲटलला डॉ. डोनल थॉमस यांच्याकडे पाहिले होते. पुढे १९९० मध्ये डॉ. थॉमस आणि बॉस्टनचे डॉ. मरे यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मज्जा आणि मूत्रपिंड यांत फरक मोठा आहे. मूत्रपिंड गेले की गेले. मज्जा काही आठवड्यांत पुन्हा भरून येते. दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून ती सुईने काढतात, काही दिवस कंबर दुखते. धोका कमी, पण शून्य नाही. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, म्हणून डॉक्टर आधी भावंडांकडेच वळतात. धोका कमी झाल्यामुळे न्यायालयात जाण्याची गरजही कमी झाली, आणि प्रश्न घराच्या चार भिंतींत आला. तिथे तो विचारायचा कोणी?

१९९० साल

नोबेलच्या त्याच वर्षी दोन घटनांनी सगळ्यांना जागे केले. कॅलिफोर्नियात अयाला कुटुंबातल्या थोरल्या मुलीला सोळाव्या वर्षी ल्युकेमिया झाला होता. दाता मिळेना. आईवडिलांची चाळिशी उलटलेली, वडिलांची नसबंदी झालेली. ती उलटवून त्यांनी आणखी एक मूल होऊ दिले, जुळेल या आशेवर. एप्रिल १९९० मध्ये मुलगी झाली, ती जुळली, आणि जून १९९१ मध्ये चौदा महिन्यांच्या त्या बाळाची मज्जा ताईला दिली गेली. ताई वाचली. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले तेव्हा धाकटी त्यात मिरवत होती. देशभर टीका झाली: मूल हे साधन आहे का? मोठी झाल्यावर त्या धाकटीने मुलाखतींत आपल्याला वापरल्यासारखे वाटत नाही, असेच सांगितले. टीकाकारांना मला एवढेच विचारावेसे वाटते, की आपल्याकडे वंशाला दिवा हवा, म्हातारपणी काठी हवी म्हणून मुले होत नव्हती काय? मूल कशासाठी जन्माला आले यापेक्षा, आल्यावर त्याला कसे वागवले, हेच शेवटी मोजावे लागते.

दुसरी घटना इलिनॉयमधली. बारा वर्षांच्या मुलाला ल्युकेमिया होता. त्याच्या वडिलांना दुसऱ्या एका स्त्रीपासून साडेतीन वर्षांची जुळी मुले होती. वडिलांनी त्यांची तपासणी मागितली, आईने नकार दिला. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने आईची बाजू घेतली. अज्ञान मुलाने दाता व्हायचे तर तीन गोष्टी हव्यात, असे न्यायालयाने म्हटले: संमती देणाऱ्या पालकाला धोके आणि लाभ ठाऊक असावेत, मुलाला मानसिक आधार देणारे माणूस जवळ असावे, आणि दाता व रुग्ण यांच्यात खरेखुरे जिव्हाळ्याचे नाते असावे. केवळ रक्ताचे नाते पुरेसे नाही! जुळ्यांची त्या भावाशी जेमतेम भेट झालेली होती. तो मुलगा त्याच वर्षी गेला. कायदा सुसंगत होता, पण त्या बापाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले की पोटात कालवते.

प्रयोगशाळेतली निवड

पुढचा टप्पा २००० सालचा. फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक आजार असलेल्या मॉली नॅश या सहा वर्षांच्या मुलीसाठी तिच्या आईवडिलांनी प्रयोगशाळेत गर्भ तपासून निवडला. आजार नसलेला आणि शिवाय जुळणारा गर्भ मिळण्याची शक्यता सोळांत तीन. ऑगस्ट २००० मध्ये ॲडम जन्मला, आणि त्याच्या नाळेतले रक्त बहिणीला देण्यात आले. नाळेतले रक्त असे वापरता येते हे डॉ. एलियान ग्लुकमन यांनी १९८८ मध्ये पॅरिसमध्ये दाखवून दिले होते. बाळाला साधी सुईही टोचावी लागत नाही. ब्रिटनमध्ये मात्र यावर वर्षानुवर्षे वाद झाले. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने परवानगी वैध ठरवली आणि २००८ च्या कायद्याने सीमा आखली: नाळेतले रक्त, मज्जा आणि इतर ऊती चालतील, अख्खा अवयव नाही. भारतात अहमदाबादला २०१८ मध्ये जन्मलेल्या अशाच एका बहिणीच्या मज्जेने २०२० मध्ये तिच्या थॅलेसेमियाग्रस्त भावाला जीवदान दिले.

आपल्याकडचा अवयवांचा कायदा १९९४ चा. तो सुरुवातीलाच लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. त्यात जिवंत दाता अठरा वर्षांचा हवा, अशी अट घातली गेली. २०१४ च्या नियमांनी अपवादात्मक वैद्यकीय कारणासाठी, राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीने, फट ठेवली आहे. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सतरा वर्षांच्या मुलीला वडिलांसाठी यकृताचा भाग देण्याची मुभा दिली.

शापाची भीती

हे सगळे वाचताना मला ययातीची गोष्ट आठवत राहिली. खांडेकरांच्या कादंबरीमुळे ती मराठी घराघरांत पोहोचली आहे. पुरूने बापाला तारुण्य दिले म्हणून आपण त्याला धन्य म्हणतो. पण महाभारतातल्या कथेत त्याच्या आधी चार भावांनी नकार दिला होता, आणि त्या प्रत्येकाला बापाने शाप दिला. सर्वांत शेवटी धाकट्या पुरूला विचारले गेले. नकार देणाऱ्यांचे काय होते हे त्याला कळले नसेल काय? मग त्याच्या 'हो'ला संमती म्हणायचे का? आजच्या घरात कोणी शाप देत नाही. पण आईचा उतरलेला चेहरा नऊ वर्षांच्या मुलाला शापापेक्षा कमी नसतो.

म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये मज्जादात्या मुलांसाठी ज्या अटी घातल्या, त्या मला मोलाच्या वाटतात. तितकाच योग्य आणि राजी असा प्रौढ नातेवाईक नसावा, भावंडांत जिव्हाळा असावा, रुग्णाला लाभाची खरी शक्यता असावी, दात्याचे धोके कमीत कमी ठेवावेत, आणि पालकांच्या परवानगीबरोबर मुलाचाही होकार घ्यावा. शिवाय रुग्णाच्या उपचारांशी संबंध नसलेला एक माणूस केवळ दात्याच्या बाजूने उभा असावा.

माझ्या गाडीतल्या मुलाला असा माणूस मिळाला नव्हता. त्याने होकार दिला, मज्जा दिली, आणि ती दादाच्या शरीरात रुजलीही. दीड वर्षाने आजार उलटला आणि दादा गेला. तेराव्यानंतर तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, माझीच मज्जा चांगली नव्हती का?" या वेळी मी वेळ मारून नेली नाही. आम्ही दोघे पायरीवर बराच वेळ बसलो. आजार कसा उलटतो, त्यात त्याची काहीही चूक कशी नव्हती, हे मी मला समजले होते तेवढे सांगितले. हे आधी, सुई टोचण्यापूर्वी सांगायला हवे होते. दान वाया गेले तरी दाता निर्दोष असतो, हे मुलाला मोठ्यांनी सांगितल्याशिवाय कळत नाही.

आता थोडे आपल्याबद्दल. अमेरिकेतल्या नोंदवहीत पूर्ण जुळणारा परका दाता सापडण्याची शक्यता गोऱ्या युरोपीय वंशाच्या रुग्णाला सुमारे ७५ टक्के, तर आपल्यासारख्या दक्षिण आशियाईला सुमारे ३३ टक्के, असे २०१४ च्या एका अभ्यासात दिसले. कारण उघड आहे. आपली नावे त्या नोंदवहीत कमी आहेत. अर्धी जुळणारी मज्जा वापरण्याच्या नव्या पद्धतींमुळे आज आईवडीलही दाते होऊ शकतात, हा मोठाच दिलासा. तरीही जितके प्रौढ त्या नोंदवहीत नसतील, तितका भार एखाद्या नऊ वर्षांच्या कमरेवर पडणार. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की नोंदणीचा नमुना तयार होतो. आपल्या घरातल्या अठरा ते चाळीस वयाच्या मुलांना एवढे जरूर सांगावे.

तो मुलगा आता तिशीकडे झुकला आहे. हा लेख छापण्यापूर्वी मी त्याला वाचून दाखवला आणि छापू का, असे विचारले. या वेळी नीट विचारले, नाही म्हटलेस तरी चालेल, असे सांगून. त्याने दोन दिवस घेतले आणि मग हो म्हणाला.