असाकुसाला नदीकडून जावं

तोक्योहून परतलेल्या माणसाला असाकुसाबद्दल विचारलं की दोनांपैकी एक उत्तर मिळतं. पहिलं भाबडं : तिथं जुनं एदो, म्हणजे पूर्वीचं तोक्यो, अजून नांदतंय. दुसरं जाणत्याचं : तिथं जुनं काहीएक उरलेलं नाही, सगळं सिमेंट आहे आणि पुढे बाजार मांडलाय. पहिल्याचं खंडन करायला मी हवी असं नाही, दुसऱ्याने ते केलेलंच आहे. माझा वाद दुसऱ्याशी आहे. त्याची माहिती बहुतेक बरोबर आहे आणि निष्कर्ष मात्र चुकलेला आहे. ही जोडी निव्वळ अज्ञानापेक्षा जास्त दिशाभूल करते.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पुऱ्या बळानिशी. असाकुसाच्या सेन्सोजी मंदिराची मुख्य वास्तू तिसरा शोगुन तोकुगावा इएमित्सू याच्या काळात, १६४९ मध्ये उभी राहिली. १९२३ च्या महाभूकंपातून ती तगली आणि १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकी बॉम्बफेकीत जळाली. आज दिसते ती १९५८ ची, आरसीसीची. तिच्या छपरावरची कौलं तर २०१० पासून टायटेनियमची आहेत. आतला दरवाजा, होझोमोन, १९६४ चा. पाच मजली पागोडा १९७३ चा. आणि ज्याच्यासमोर अख्खं जग फोटो काढतं तो कामिनारीमोन, म्हणजे मेघगर्जनेचा दरवाजा, १८६५ मध्ये जळाल्यावर पंचाण्णव वर्षं अस्तित्वातच नव्हता. १९६० मध्ये तो मात्सुशिता कोनोसुके यांच्या, म्हणजे पॅनासॉनिकच्या संस्थापकांच्या, देणगीतून पुन्हा उभा राहिला. त्यात टांगलेला तांबडा कंदील जवळजवळ चार मीटर उंच आणि सातशे किलो वजनाचा, पण दहाएक वर्षांनी तोही बदलतात. थोडक्यात, फोटोत पाठीमागे येणारी प्रत्येक गोष्ट फोटो काढणाऱ्याच्या आजोबांहून धाकटी.

या आक्षेपाला एक ठरलेलं उत्तर दिलं जातं, तेही मला मान्य नाही. म्हणतात, जपानी मनाला पुनर्बांधणीचं वावडं नाही, इसेचं देवस्थान नाही का दर वीस वर्षांनी नव्याने बांधत? पण इसेला त्याच जातीचं लाकूड, तोच आराखडा, तेच कसब ठरवून पुढच्या पिढीच्या हाती दिलं जातं. असाकुसात कुणी काही ठरवलं नव्हतं. तिथं आग लागली, आणि नंतर जे परवडलं आणि जे पुन्हा जळणार नाही असं वाटलं, ते बांधलं. इसेची शाल असाकुसाच्या खांद्यावर घालून उपयोग नाही.

मग उत्तर काय? आक्षेपाच्या मुळाशी एक गृहीतक आहे : वास्तूचं वय म्हणजे तिच्या लाकूड-दगडाचं वय. हे गृहीतक आपण मराठी माणसांनी तरी इतक्या सहज मान्य करू नये, कारण आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आहे. काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधलं, म्हणून ते नकली असं कुणी म्हणत नाही. वारसा जपण्याच्या शास्त्रानेही हा मुद्दा उशिरा का होईना पदरात घेतला. १९६४ च्या व्हेनिस सनदेचा भर मूळ द्रव्यावर होता. १९९४ मध्ये जपानमध्येच, नारा शहरात, जो मसुदा झाला त्याने सांगितलं की अस्सलपणा त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात जोखावा आणि द्रव्याबरोबर वापर, परंपरा, कसब यांचाही विचार व्हावा.

पण नाराचा दाखला दिला की वाद संपला, असंही नाही. वापर चालू आहे म्हणून कोणतीही नवी इमारत ऐतिहासिक ठरत नसते. असाकुसाची बाजू त्याहून भक्कम आहे. तिथलं काँक्रीट इतिहास झाकत नाही, ते स्वतःच पुरावा आहे. हे शहर दर दोन-तीन पिढ्यांनी जळत आलं, हे ज्याला कळतं त्याला १९५८ च्या मंडपातलं सिमेंट वाचता येतं. छपरावर टायटेनियम आलं ते मिरवायला नाही. जड कौलं भूकंपात खाली येतात आणि हलक्या छपराचा भार खालच्या इमारतीला सोसतो, म्हणून आलं. १९२३ आणि १९४५ ही दोन सालं तिथं कोरून ठेवण्याची गरजच नाही, बांधकामात ती मुरलेली आहेत.

आणि ‘जुनं काहीएक नाही’ हे वाक्य मुळात चूकच आहे. मंदिराच्या पूर्वेला नितेनमोन नावाचा तांबडा दरवाजा आहे, १६१८ चा. शेजारच्या असाकुसा जिंजाच्या, म्हणजे शिंतो देवस्थानाच्या, वास्तू इएमित्सूच्याच, १६४९ च्या. दोन्ही बॉम्बफेकीच्या त्या रात्रीतून वाचल्या. मी गेले तेव्हा नितेनमोनखाली एक माणूस सायकल टेकवून फोनवर बोलत होता, बाकी कुणी नव्हतं. या दरवाजाची कथा मला फार बोलकी वाटते. तो बांधला गेला शोगुन घराण्याचा मूळपुरुष इएयासू याच्या देवस्थानासाठी. ते देवस्थान १६४२ मध्ये जळालं आणि तिथं पुन्हा बांधलं गेलं नाही. चारशे वर्षांचं अस्सल लाकूड आहे, पण ज्या देवासाठी होतं तो देव तिथून कधीच गेला. उलट मुख्य मंडपात लाकूड गेलं आणि देव राहिला. या दोहोंत इतिहास जास्त कुठे, हे एका शब्दात सांगणाऱ्याला माझा नमस्कार.

तो देव आला कुठून, हा प्रश्न मात्र आपल्याला नदीवर नेतो. परंपरा सांगते की ६२८ मध्ये हिनोकुमा हामानारी आणि ताकेनारी या दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोनची मूर्ती आली आणि हाजी नो नाकातोमो याने आपल्या घराचं देऊळ करून तिची पूजा सुरू केली. ६४५ मध्ये शोकाई नावाच्या भिक्षूने ती कायमची पडद्याआड ठेवली, असंही परंपरा सांगते. म्हणजे या देवळाचं जे केंद्र, ते तेव्हापासून भक्तांच्या नजरेला पडलेलंच नाही. डोळ्यांनी अस्सलपणा तपासायला निघालेल्याची इथं पहिल्याच पायरीवर पंचाईत होते. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात तो आठ महाभयांतून सोडवणारा म्हणून कोरला आहे आणि त्या भयांत बुडणारं जहाजही आहे. तोच देव हजारो मैलांवर कोळ्यांच्या जाळ्यात यावा, यात मला तरी विसंगती दिसत नाही. दोघे कोळी आणि नाकातोमो हे तिघे शेजारच्या जिंजात देव होऊन बसले आहेत. मे महिन्यातला सांजा मात्सुरी या तिघांचाच. ‘सांजा’ म्हणजे तीन देवस्थानं.

आता बाजाराचा आक्षेप. कामिनारीमोनपासून आत जाणारी नाकामिसे ही अडीचशे मीटरची गल्ली, दुतर्फा नव्वदच्या आसपास दुकानं. पाखंड म्हणावं तर ते सतराव्या शतकापासूनचं आहे. देवळाचं आवार झाडण्याची जबाबदारी आसपासच्या रहिवाशांवर होती आणि त्या बदल्यात त्यांना वाटेवर दुकान मांडण्याची परवानगी मिळाली. म्हणजे बाजार देवळावर नंतर चढलेलं बांडगूळ नाही, तो झाडूच्या मोबदल्यात आलेला हक्क आहे. करमणुकीचंही तसंच. १६५७ च्या मेइरेकी आगीनंतर सरकारने योशिवारा ही कलावंतिणींची वस्ती असाकुसाच्या पाठीमागे हलवली. १८४० च्या दशकात, सुधारणांच्या नावाखाली, काबुकीची नाटकगृहंही शहराच्या मध्यातून उचलून इथं पाठवली. प्रतिष्ठितांना जे दाराशी नको होतं ते असाकुसाने पोटात घेतलं आणि त्यावर आपलं पोट भरलं. १८९० चा बारा मजली र्योउन्काकू मनोरा, १९०३ चं देशातलं पहिलं कायमचं सिनेमागृह, १९२७ मध्ये उएनोपर्यंत धावलेली आशियातली पहिली भुयारी रेल्वे, हा सगळा त्याच वृत्तीचा वारसा. इथला माणूस जुन्याला कवटाळून कधी बसलाच नाही. त्याने तसं बसावं ही आपली हौस, त्याचा इतिहास नव्हे.

पूर्वपक्षाला एक गोष्ट मी मोकळ्या मनाने देते : गर्दी. कामिनारीमोनच्या बाजूने दुपारी शिरलं तर माणसांच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही, आणि तिथून परतणाऱ्याने ‘निव्वळ बाजार’ म्हटलं तर मी त्याला खोटं पाडणार नाही. पण तो दोष वाटेचा आहे. असाकुसाला नदीकडून जावं.

नदी म्हटलं तरी पूर्वपक्ष बोट दाखवणारच. सुमिदा हे अधिकृत नावसुद्धा १९६५ चं, त्याआधी कागदोपत्री हा आराकावाचा मुख्य प्रवाह. १९५९ च्या इसेवान वादळानंतर काठावर काँक्रीटच्या उंच भिंती आल्या आणि काठच्या घरांतून पाणी दिसेनासं झालं. मळी इतकी वाढली की जुना आतषबाजीचा सोहळाही १९६१ नंतर बंद पडला, तो १९७८ मध्ये परत आला. खरं आहे. तुटणं आणि पुन्हा सुरू होणं, इथंही तेच.

आझुमाबाशी पुलापाशी उतरून काठाकाठाने वरच्या अंगाला चालत गेलं की सुमिदा बाग लागते आणि पुढे कोतोतोइ पूल. बाग आणि पूल, दोन्ही १९२३ च्या भूकंपानंतरच्या पुनर्रचनेतले. पूल १९२८ चा. १९४५ च्या त्या बॉम्बफेकीत, १० मार्चच्या रात्री, दोन्ही काठांवरची माणसं पलीकडे तरी आग नसेल या आशेने या पुलावर धावली, मधोमध एकमेकांना भिडली आणि तिथंच जळाली. त्या एका रात्रीत तोक्योत सुमारे एक लाख माणसं गेली. १९९२ मध्ये पुलाची दुरुस्ती झाली तेव्हा कडेचे काही जुने दगड काढले, ते बागेत स्मारकापाशी ठेवले आहेत. साधे, ओबडधोबड दगड. त्यांच्या बाजूच्या बाकावर एक आजोबा डबा उघडून जेवत होते. समोर पाणी, पलीकडे ६३४ मीटरचा स्कायट्री मनोरा.

तिथून नितेनमोनमार्गे मंदिरात गेलं की तोच सिमेंटचा मंडप वेगळा दिसतो. समोरच्या धूपपात्राशी एक बाई ओंजळीने धूर घेऊन गुडघ्यांना लावत होती, दुखऱ्या जागी लावायचा असतो तो. दगड पाहून आलेल्याला मग छप्पर कशाचं हे विचारावंसं वाटत नाही.

बाजार शेवटी लागतो, बाहेर पडताना. तिथं कामिनारी-ओकोशी नावाची वडी मिळते, फुगवलेला तांदूळ पाकात घालून थापलेली, आपल्या कुरमुऱ्याच्या चिक्कीची सख्खी बहीण. ‘ओकोशी’ या शब्दात उभं करणं, घर वर काढणं असा अर्थ ऐकू येतो, म्हणून ती शुभ मानतात. माझ्या एका जाणत्या मित्रासाठी मी तिचा डबा आणला. “शेवटी दुकानदारीच,” तो म्हणाला, आणि दुसरा तुकडा उचलला.