कुपोषण या शब्दाच्या अलीकडची रात्र

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांच्या गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या इतिहासाची साधने चाळू लागले की एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. या साधनांत लहान मूल प्रवेश करते ते बहुधा मृत्यूनंतर. शासकीय अहवाल, न्यायालयातील प्रतिज्ञापत्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, विधिमंडळातील प्रश्नोत्तरे या साऱ्यांत क्रियापद एकच: बालके 'दगावली'. या क्रियापदाचे फारसी 'दगा'शी नाते उघड आहे. पाऊस दगा देतो, बैल दगा देतो, तसे मूलही. ज्याच्यावर भिस्त ठेवली त्याने ऐनवेळी साथ सोडली, असा भाव त्यात आहे. मराठीला हा शब्द केव्हापासून सवयीचा झाला ते भाषाभ्यासकांनी पाहावे. आम्हांला येथे एवढेच नोंदवायचे आहे की या क्रियापदात मुलाच्या आईबापांना कोणतीही कृती उरत नाही. ते मूल आजारी पडल्यापासून जाईपर्यंत, किंवा वाचेपर्यंत, घराने काय केले हा भाग लिहिलाच गेलेला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो भाग आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. १९४८ मध्ये ते विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. शेजारच्या तलासरी-डहाणू पट्ट्यात १९४५ साली वारल्यांचा जो उठाव झाला त्याची कथा मराठी वाचकाला गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) मुळे ठाऊक आहे. वेठ आणि लग्नगडीपणा यांविरुद्धच्या त्या लढ्याला साहित्यात जागा मिळाली. डोंगरमाथ्यावरच्या जव्हार-मोखाड्याचे नाव मात्र उर्वरित महाराष्ट्राच्या कानी ठळकपणे गेले ते १९९२-९३ मध्ये, वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे. कित्येक मुले त्या एका परिसरात गेली. मंत्र्यांचे दौरे झाले, जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले, आणि मराठी वृत्तपत्रांच्या भाषेत 'कुपोषण' हा शब्द कायमचा रुळला.

हा शब्द कसा आहे? संस्कृत घडणीचा, नेटका, आणि घराबाहेरचा. पाड्यावरची आई 'माझ्या पोराला कुपोषण झाले' असे आपणहून म्हणत नाही. 'पोर जेवत नाही', 'किरकिर करते', 'सुकत चालले' असे म्हणते. शब्दाच्या मागोमाग श्रेणी आल्या. अपेक्षित वजनाच्या साठ टक्क्यांवर उतरलेले मूल तिसऱ्या श्रेणीत, निम्म्यावर आलेले चौथ्या श्रेणीत. पुढे जागतिक आरोग्य संघटनेची नवी प्रमाणे स्वीकारली गेली आणि श्रेणींच्या जागी 'सॅम' आणि 'मॅम' आले. इंग्रजी आद्याक्षरांची ही जोडी आज अंगणवाडीच्या बोलीत इतकी मिसळली आहे की 'आमच्याकडे दोन सॅम आहेत' हे वाक्य कोणालाच खटकत नाही. दंडाचा घेर ११५ मिलिमीटरच्या आत आला की मूल सॅम. मोजपट्टी सोपी आहे, उपयोगीही आहे, आणि तिच्यावर टीका करण्याचा आमचा हेतू नाही.

परंतु याच आजाराच्या दुसऱ्या एका नावाची कथा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावी. सिसिली विल्यम्स या डॉक्टर १९३० च्या दशकात आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, काम करीत होत्या. हातपाय सुजलेली, केस विरळ व भुरकट झालेली, कशातच रस न घेणारी दीड-दोन वर्षांची मुले त्यांच्याकडे येत. त्यांनी आयांना विचारले, तुम्ही याला काय म्हणता? गा भाषेतले उत्तर होते 'क्वाशिओरकोर': धाकटे भावंड आले की थोरल्याला होणारा आजार. १९३५ मध्ये 'लॅन्सेट'मधील लेखात विल्यम्स यांनी तेच नाव वैद्यकाला दिले. एका शब्दात सारे घर आहे. अंगावरून तुटलेले मूल, पोटाशी आलेले नवे मूल, दुधाच्या जागी आलेली पातळ पेज, आणि एकटी आई. आमच्या 'कुपोषणा'त यातले काहीच नाही. तो शब्द आयांना विचारून घेतलेला नव्हता.

आता त्या रात्रीकडे वळू. कोणा एका कुटुंबाचे नाव घेण्याचे कारण नाही. जव्हार-मोखाड्याच्या कोणत्याही पाड्यावर, वारली, कातकरी, ठाकूर वा महादेव कोळी घरात, ती थोड्याफार फरकाने अशीच असते. दिवस आवणीचे. कणगीतली नागली-वरई संपत आलेली, नवे पीक यायला अजून अवकाश. या महिन्यांत रानातले कडूकंद उकडून, पुन्हा पुन्हा धुऊन, त्यांचा कडवटपणा आणि विष काढून खाल्ले जातात; मोठ्यांचे पोट त्याने भरते, दीड वर्षाच्या मुलाचे नाही. आई चिखलात, मूल आजीकडे किंवा सात वर्षांच्या बहिणीकडे. चार दिवस जुलाब झाले, मग थांबले. मग मुलाचे गाल जरा भरल्यासारखे दिसू लागले, पायही गुबगुबीत झाले. बाळसे धरले की काय, असे वाटावे. वस्तुतः ती सूज असते. धोक्याची खूण बरे होण्याच्या खुणेसारखी दिसावी, ही या आजाराची सर्वांत क्रूर गोष्ट आहे, आणि तिला फसणाऱ्या आईला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल असे आम्हांस वाटत नाही. पुस्तक न वाचलेला पदवीधरही तेथे फसेल.

मग रात्री मुलाचा श्वास जोरात चालू लागतो. अंग तापते, किंवा उलट थंड पडते. येथून कुटुंबाचा खरा हिशेब सुरू होतो. पाड्यापासून डांबरी रस्ता किती लांब, ओढ्याला पाणी किती, डोली करायला माणसे किती, जीपवाला या वेळी येईल का आणि किती घेईल. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर भेटतील का. तेथून जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात पाठवतील का, आणि तेथून नाशिकला. 'रेफर' हा शब्द या भागात अगदी म्हाताऱ्यांच्याही तोंडी आहे, आणि त्याचा अर्थ वाहनभाडे असा आहे. नाशिक जवळ म्हणायचे, पण जिल्हा दुसरा, ओळखीचे कोणी नाही, रात्री जेवायचे कोठे हा प्रश्न. घरी उरलेल्या दोन मुलांना कोण बघणार, आणि आवणी राहिली तर वर्षाचे काय?

या हिशेबात भगताकडे जाणे बसते ते अंधश्रद्धेमुळेच, असे आपण शहरात मानतो. ते पूर्ण खरे नाही. भगत त्याच पाड्यावर वा शेजारच्या पाड्यावर असतो, मध्यरात्री उठतो, पैशासाठी थांबवून ठेवत नाही, आईच्या बोलीत बोलतो, आणि मुख्य म्हणजे आईला ओरडत नाही. त्याच्या उपायाने न्यूमोनिया बरा होत नाही, आणि त्यात गेलेले सहा-आठ तास मुलाच्या जिवावर बेततात, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवल्याशिवाय हा इतिहास लिहिता येणार नाही. आमच्या लेखनात बहुतेक वेळा एकच धरली जाते. कोणती, ते लिहिणारा कोणत्या बाजूचा यावर ठरते.

या पेचाला महाराष्ट्रातच एक उत्तर शोधले गेले, पण ते येथे नव्हे, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच माणसांना आणि दायांना बालन्यूमोनिया ओळखण्यास व औषध देण्यास शिकवले. त्याचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. अंक न येणाऱ्या दाईसाठी त्यांनी केलेले श्वास मोजण्याचे साधन आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबड्या मण्यापर्यंत आलो तर औषध सुरू. 'श्वास जोरात चालला आहे' ही आजीची भीती आणि 'मिनिटाला चाळीसहून अधिक' ही डॉक्टरची खूण यांच्यामध्ये जे अंतर होते, ते त्या मण्यांनी पाड्यावरच मिटवले. १९९९ मध्ये याच संस्थेने नवजात अर्भकांच्या घरगुती काळजीने त्यांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले, आणि २०११ पासून ती पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्यात आली.

रुग्णालयात पोहोचलेल्या कुटुंबाची गोष्ट तेथे संपत नाही. सुजलेल्या मुलावर उपचार सुरू झाले की सूज उतरते, आणि सूज उतरली की पहिल्या काही दिवसांत वजन कमी होते. गुबगुबीत दिसणारे मूल आईच्या डोळ्यांदेखत हाडांवर येते. दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, थोडे थोडे दूध पाजायचे. पोटभर मात्र लगेच द्यायचे नाही. उपाशी मुलाला पोटभर देऊ नका, हे आईला कसे पटावे? 'न सांगता निघून गेले' अशी नोंद केसपेपरवर होते त्यामागे अनेकदा हे असते. डॉक्टरांना तो हलगर्जीपणा वाटतो. आई मात्र मुलाला वाचवण्यासाठीच निघालेली असते.

शासनाच्या शब्दकोशातला एकच शब्द आम्हांला या साऱ्याची जाण असलेला दिसतो: 'बुडीत मजुरी'. शीला बारसे यांच्या १९९३ च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनंतर १९९५ मध्ये राज्याने नवसंजीवन योजना आखली. आदिवासी भागातल्या आजारी मुलासोबत रुग्णालयात राहणाऱ्या पालकाची बुडालेली मजुरी देण्याची तरतूद रूढ झाली ती याच चौकटीत. रक्कम तुटपुंजी, हाती पडायला उशीर, हे सारे आहेच. पण दोन आठवडे खाटेपाशी बसणे म्हणजे उत्पन्न सोडणे, ही गोष्ट कागदावर कबूल झाली. 'बुडीत' हा शब्दही शेतकऱ्या-कर्जदाराच्या व्यवहारातला आहे. कोणा कारकुनाने तो सुचवला असेल तर त्याच्या कानाचे कौतुक केले पाहिजे.

दिवाळीनंतर हीच घरे वाडा, भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, उचल घेऊन. तेव्हा अंगणवाडीच्या रजिस्टरात मुलापुढे 'स्थलांतरित' असे लिहिले जाते आणि सहा-सात महिने ते कोणाच्याच वजनकाट्यावर येत नाही.

आणि मग मृत्यू झाला की वाद ठरलेला: मूल कुपोषणाने गेले की आजाराने? जगभरातील पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांच्या मुळाशी अपुरे पोषण असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; मारतो तो न्यूमोनिया किंवा अतिसार, पण अशक्त मुलालाच तो अधिक मारतो. तरीही सभागृहात 'कुपोषणाने एकही मृत्यू नाही' असे उत्तर देता येते, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खोटे नसते. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये मोखाडा तालुक्यात दोन वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर तत्कालीन आदिवासी विकासमंत्री भेटीला आले, तेव्हा त्यांना लोकांच्या संतापाला तोंड द्यावे लागले. ती बातमी सर्वत्र छापून आली. त्या मुलाच्या आजारपणाच्या आठवड्यांत घराने काय काय केले, ते फारसे कोठे छापलेले नाही.

वाचलेल्या मुलांबद्दल तर काहीच नाही. आणि ती बहुसंख्य आहेत. जव्हार-मोखाड्यात आज तिशीत असलेली कितीतरी माणसे १९९२-९३ च्या पावसाळ्यांतून कोणीतरी खांद्यावर घालून नेलेली असतील. त्यांच्या आया अजून आहेत. कोणती जीप, किती पैसे, कोंबड्या कोणाला विकल्या, ओढा कोणी पार करून दिला, हे त्यांना आठवते. मराठी विभागांतून दरवर्षी 'मौखिक परंपरा' या नावाने प्रकल्प होतात. त्यांत लग्नाची गाणी असतात, धवलेरीची गाणी असतात, कणसरीच्या कथा असतात. ही आठवण त्यांत बसते की नाही, याचा निर्णय प्रश्नावली तयार करणाऱ्या शिक्षकाच्या हाती आहे. आया आता साठी-सत्तरीत आहेत.