स्वभावाची नाडी

एका तालुक्यात दहा हजार माणसं असतील, तर त्यांतली पाच हजार थेउम, तीन हजार सोयांग आणि दोन हजार सोउम प्रकृतीची भरतात. थेयांग मात्र तीन-चार, फार तर दहाएक. कोरियातले वैद्य ली जे-मा यांनी 1890 च्या दशकात मांडलेला हा हिशेब. तो कुठल्या खानेसुमारीतून आलेला नव्हता. आजवर डोळ्यांनी जे पाहिलं त्यावरून हा ढोबळ अंदाज, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. स्वतःला ते त्या मूठभर थेयांगांत मोजत.

ली यांचा जन्म 1837 चा, हामहुंगचा. हे शहर आज उत्तर कोरियात आहे. घराणं खानदानी, पण आई वडिलांची लग्नाची बायको नव्हती. जोसन राजवटीत अशा मुलाला घराण्याचं नाव मिळालं, तरी मोठ्या मुलकी पदांची दारं त्याला जवळजवळ बंदच असत. ली लष्कराच्या वाटेने गेले. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांना पद मिळालं, पुढे दक्षिणेकडच्या जिन्हे इथे ते अंमलदार झाले आणि 1896 मध्ये हामहुंगमधलं एक बंड त्यांनी मोडून काढलं. सरकारी चाकरी संपल्यावर, 1898 मध्ये, त्यांनी गावी बोवनगुक नावाचा दवाखाना काढला. दोनच वर्षांनी ते वारले.

आजारपण मात्र त्यांच्या पाचवीला पुजलेलं होतं. सहा-सात वर्षं त्यांना फेसाळ लाळेच्या उलट्या होत होत्या. पुढे कित्येक दशकं जिवाला जपल्यामुळे आपण अकाली मरणातून वाचलो, असं ते सांगतात. थेयांग रोग्यासाठी काढे त्यांनी दिलेच आहेत. पण एका वाक्यात उपाय विचाराल तर राग दूर ठेवा, इतकंच त्यांचं म्हणणं आहे. औषधाच्या पुस्तकात वैद्य स्वतःच्या दुखण्याचा दाखला देतो आणि त्याचं मूळ रागात दाखवतो, हे वाचताना थांबायला होतं.

त्यामागे अख्खी उपपत्ती आहे. ती ‘तोंगुई सुसे बोवन’ या ग्रंथात येते. 1893 मध्ये सोलमध्ये त्यांनी तो लिहायला घेतला आणि पुढच्या वर्षी पहिला खर्डा पुरा केला. माणसाची चार इंद्रियं जन्मतःच सारख्या ताकदीची नसतात, हा त्याचा पाया. थेयांगाची फुप्फुसं जोरदार आणि यकृत दुबळं. थेउमाचं नेमकं उलट. सोयांगाची प्लीहा जोरदार आणि मूत्रपिंडं दुबळी, तर सोउमाचं त्याच्या उलट. माणसांचे यिन-यांगनुसार प्रकार पाडण्याची कल्पना चीनच्या प्राचीन वैद्यकग्रंथांत होती, आणि हो जुन यांच्या 1613 मध्ये छापलेल्या ‘तोंगुई बोगाम’ या महाग्रंथावर कोरियातले वैद्य पिढ्यान्‌पिढ्या पोसले होते. ली या परंपरेचा मान राखतात, पण इंद्रियं लहान-मोठी का होतात याचं उत्तर ते भावनांत शोधतात: दुःख, क्रोध, हर्ष आणि सुख. सोळाव्या शतकापासून कोरियातले कन्फ्यूशियन पंडित माणसाच्या भावनांवर वाद घालत आले होते. तो वाद लींनी उचलून दवाखान्यात आणला.

थेयांग माणसाचंच पाहा. लोक एकमेकांना फसवतात हे पाहून त्याला दुःख होतं. हे दुःख दूरवर पसरतं आणि फुप्फुसांना बळ देतं. पण कुणी त्याचा स्वतःचा पाणउतारा केला, की त्याचा राग एकदम उसळतो आणि यकृत झिजवतो. जगाबद्दलची कणव पोसते, अपमानाचा संताप पोखरतो. ही ओळ वाचताना हामहुंगच्या त्या खानदानी घरातला, जन्मानेच कमी लेखला गेलेला मुलगा डोळ्यांसमोर येतो. ग्रंथात लींनी तसा संबंध कुठे जोडलेला नाही. पण सिद्धांताच्या इतक्या मर्मावर अपमान येऊन बसला, हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

चौघांचेही स्वभाव त्यांनी असेच बारकाईने टिपले. थेयांगाला सतत पुढे जायचं असतं, माघार नको असते, आणि मनात कायम घाई. सोयांगाला नवं काम हाती घ्यायची हौस, ते मार्गी लावून खाली ठेवायचा मात्र कंटाळा. बाहेर बाजी मारायला तो तयार, घरचं राखायला नाखूष. आणि वरून धडाडीचा दिसला तरी आत भीती. ती वाढली की त्याला विसराळूपणा जडतो. थेउम स्थिर बसणारा, आपलं राखणारा. पाऊल उचलायला तो बिचकतो, आणि हे बिचकणं वाढलं की छातीत धडधड सुरू होते. सोउमाला घरातच राहावंसं वाटतं आणि मनाला स्वस्थता नसते. ती लाभली की त्याचं पोट आपोआप सुधारतं, असं ली म्हणतात. प्रत्येकाचा घसरण्याचा उतारही वेगळा. थेयांग घसरला तर बेबंद होतो, सोयांग आपल्यापुरतं पाहू लागतो, थेउमाला हाव सुटते, सोउम ऐषारामात रुततो.

वात-पित्त-कफाची भाषा मराठी घरात मुरलेली असल्याने इथे प्रकृतीची आठवण होणारच. चरकही प्रकृतीनुसार शरीराची आणि मनाची लक्षणं सांगतो. लींचा भर वेगळा आहे: प्रकृती बदलत नाही, पण तिच्यामुळे येणारा मनाचा तोल ज्याचा त्याने सांभाळायचा, आणि तोच उपचाराचा पहिला भाग.

नुसत्या चेहऱ्यामोहऱ्यावर विसंबू नका, असंही त्यांनी बजावलं. चणीने लहान, शांत सोयांग हुबेहूब सोउमासारखा दिसू शकतो. थेउम आणि सोउम यांच्यात गल्लत झाली तर घाम पाहायचा: थेउमाला घाम सुटणं हे धडधाकटपणाचं लक्षण, सोउमाला तसाच घाम फुटला तर मोठं दुखणं. रोग्याचं कातडी-मांसही चाचपायचं: थेउमाचं घट्ट, सोउमाचं मऊ. इथे चूक झाली तर औषधच बाधतं. सोउमाला मानवणारं जिनसेंग सोयांगाला चालत नाही.

ग्रंथावर ते मरेपर्यंत हात फिरवत होते. 1901 मध्ये शिष्यांनी तो हामहुंगला छापला, तेव्हा थेउमापर्यंतची प्रकरणं सुधारून झालेली होती. थेयांगाचं प्रकरण आणि त्यापुढची दोन तशीच राहिली, म्हणून ती 1894 च्या खर्ड्यावरूनच छापावी लागली. लींचं स्वतःचं दुखणं, दहा हजारांचा हिशेब, प्रकृती ओळखण्याच्या खुणा हे सगळं त्या न सुधारलेल्या भागात आहे. आजही हा भाग वारंवार उद्धृत होतो.

पुढचा काळ खडतर होता. जपानी अमलात 1913 च्या नियमांनी देशी वैद्यांना पाश्चात्त्य डॉक्टरांच्या खालच्या दर्जावर ढकललं. दक्षिण कोरियात 1951 च्या कायद्याने त्यांना पुन्हा अधिकृत स्थान मिळालं, आणि चार प्रकृतींचं हे वैद्यक विद्यापीठांत स्वतंत्र विषय म्हणून शिकवलं जाऊ लागलं. 1990 च्या दशकात प्रकृती ठरवणाऱ्या प्रश्नावल्या आल्या. मग चेहरा, आवाज आणि शरीराची मापं यंत्रांवर तपासली जाऊ लागली. थेउम गटात वजन जास्त, सोउमात कमी. सोयांग मनमोकळे, सोउम अंतर्मुख, असे निष्कर्ष अभ्यासांत पुन्हापुन्हा येतात. याच ओढीने पुण्यातल्या संशोधकांनीही आयुर्वेदिक प्रकृती आणि जनुकं यांचा संबंध तपासला. त्यांचा निबंध 2005 मध्ये आला.

अर्थात वजन आणि बोलकेपणा मोजला म्हणून इंद्रियांची उपपत्ती सिद्ध होत नाही, आणि एकाच माणसाची प्रकृती दोन वैद्य वेगवेगळी ठरवतात ही अडचण जुनीच आहे. त्याहून मोठं नुकसान मात्र दुसरं आहे. बाजारात हे वैद्यक आहाराच्या तक्त्यांवर येऊन थांबलं: सोउमाने कोंबडी खावी, सोयांगाने डुकराचं मांस, थेउमाने गोमांस. लींना हवं होतं ते घरोघरी वैद्यक कळावं आणि माणसामाणसाला आपलं दुखणं ओळखता यावं, हे. आयुष्य कमी करणाऱ्या गोष्टींत त्यांनी चैन, आळस, कोता उतावळेपणा आणि लोभ या चारांची नावं घेतली आहेत, आणि त्यांतली एकही ताटात वाढली जात नाही.