जास्तीचे पैसे कशाचे?

परवा आमच्या घरी एका बिलावरून छोटंसं महाभारत झालं. बायको ऑफिसातून येताना मॉलमधल्या एका चकचकीत दुकानातून महिन्याचं थोडं सामान घेऊन आली. आईने (वय वर्षे ८१, चष्मा कायम कपाळावर) सवयीप्रमाणे पिशवीतलं बिल काढलं, चष्मा नाकावर घेतला आणि वाचन सुरू केलं. तूरडाळीपाशी गाडी थांबली. नाक्यावर दीडशेच्या आसपास मिळणारी डाळ इथे 'ऑरगॅनिक' होऊन दोनशे ऐंशीला आली होती. मग तिने बटाट्यांची पिशवी उचलून पाहिली.

"अगं, हे बटाटे धुतलेले दिसतायत. आंघोळ घालायचे वेगळे लावले का गं?"

"आई, तिथे निवडत बसावं लागत नाही. वेळ वाचतो."

"बरं. मग वाचलेल्या वेळाचं काय केलंस?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी अर्थातच पेपरात डोकं खुपसून बसलो होतो. पण प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. महागड्या दुकानात आपण जास्तीचे पैसे देतो ते नक्की कशाचे? आणि ते वसूल होतात का?

विचार करता करता मी बराच मागे गेलो. थेट परळच्या चाळीत.

चाळीखाली वाण्याचं दुकान होतं. आमचं तिथे खातं होतं. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही, त्यात बाबांच्या नावाचं पान. पगार झाला की बाबा जाऊन हिशेब चुकता करायचे. दुकान स्वस्त अजिबात नव्हतं. रोख घेणाऱ्यापेक्षा खात्यावाल्याला भाव थोडा चढाच असायचा, हे आईला पक्कं ठाऊक होतं. तरी ती तिथूनच घ्यायची. लहानपणी मला हे कोडं वाटायचं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आमचे बाबा. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे आता इतिहासाच्या पुस्तकात लिहितात. आमच्या घरी त्याचा अर्थ एवढाच होता की पगार बंद. आणि तरीही घरात डाळ-तांदूळ येत राहिले. वाण्याने वही बंद केली नाही. कुरकुर केली, साखर कमी दिली, पण वही बंद केली नाही. ती उधारी फेडायला पुढे बाबांना दोन वर्षं लागली. ताई हे वाचत असेल तर तिला आठवेल, शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी वाण्याने आम्हा दोघांच्या हातावर एकेक लिमलेटची गोळी ठेवली होती.

म्हणजे तो चढा भाव डाळीचा नव्हताच. तो उधारीचा होता. वाईट दिवसांसाठी आई दर महिन्याला थोडे थोडे भरत होती, विम्याच्या हप्त्यासारखे. अर्थात सगळे वाणी असे नव्हते. खात्यावर वाटेल ते आकडे चढवणारे, मापात मारणारे होतेच. त्यांच्यावर उपाय म्हणूनच तर त्याच गिरणगावात दुसरं एक दुकान उभं राहिलं.

१९४८ साली नायगावात कामगारांनी स्वतःची ग्राहक सहकारी संस्था काढली. पुढे हीच संस्था 'अपना बाजार' म्हणून घराघरात पोचली. कल्पना साधी. गिऱ्हाइकच मालक असेल तर मापात कोण कोणाला मारणार? या कल्पनेची पणजी इंग्लंडातली. १८४४ च्या डिसेंबरात रॉचडेल या गावी विणकर आणि इतर कारागिरांनी मिळून एक छोटं दुकान उघडलं. लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, इतकाच माल. पण भेसळ नाही, वजन पूर्ण, आणि नफा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत. गंमत बघा, तिकडे विणकर आणि इकडे गिरणी कामगार. कापड विणणाऱ्या माणसांना मोजमापाची जरा जास्तच चाड असावी!

पण रॉचडेलवाल्यांचा एक कडक नियम होता: व्यवहार रोख. उधारी नाही. तत्त्व म्हणून बरोबरच होतं, कारण उधारीत माणूस अडकतो. पण ज्याच्या हातात रोख नाही त्याला स्वस्त दुकानाचा काय उपयोग? संपाच्या दिवसांत आईला स्वस्त साखरेपेक्षा उघडी वही हवी होती.

तर माझा पहिला मुद्दा हा की, दुकान नुसता माल कधीच विकत नाही. मालाबरोबर आणखी काहीतरी विकतं. वाणी उधारी विकत होता, सहकारी दुकान खात्रीचं वजन विकत होतं.

आता सुपरमार्केटकडे येऊ. आपल्याकडे सुपरमार्केट म्हटलं की श्रीमंती थाट डोळ्यांसमोर येतो, पण त्याचा जन्म झाला तो काटकसरीतून. १९१६ साली अमेरिकेत मेंफिस गावात क्लॅरेन्स साँडर्स याने 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं. तोपर्यंत गिऱ्हाइकाने यादी द्यायची आणि नोकराने सामान काढून द्यायचं, अशी रीत होती. (आपल्या वाण्याकडे असते तशीच.) साँडर्सने टोपली गिऱ्हाइकाच्याच हातात दिली. नोकर कमी, खर्च कमी, भाव कमी. मग १९३० मध्ये, ऐन मंदीत, न्यूयॉर्कमध्ये मायकेल कलनने 'किंग कलन' सुरू केलं. स्वस्त जागा, मालाचे ढीग, थोडा नफा आणि प्रचंड खप. म्हणजे सुपरमार्केटात निम्मं काम आपण फुकट करायचं आणि त्या बदल्यात भाव उतरायचा, असा मुळातला करार होता. मग काम आपणच करून वर भावही जास्त, हे कधी झालं?

हा प्रश्न नवी मुंबईत बसून विचारण्यात खास मजा आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवं शहर उभं राहू लागलं. मुंबईत कोंबलेले घाऊक बाजार इकडे आणायचे हा त्यातला मोठा बेत. १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार आला, पुढे मसाल्याचा आणि धान्याचा, आणि १९९६ मध्ये भाजी आणि फळांचा. सगळा वाशी-तुर्भ्याला. त्यांच्याबरोबर माथाडी कामगार आले, कोपरखैरणे-घणसोलीत राहू लागले. त्यामुळे मुंबईच्या ताटातला कांदा आधी आमच्या शेजारून जातो. रात्री नाशिककडचे, जुन्नर-नारायणगावकडचे ट्रक येतात आणि आपण चहा टाकेपर्यंत अर्धा बाजार उरकलेला असतो.

आम्ही १९९० च्या सुमारास नेरुळला आलो. बाबांना ठाणे-बेलापूर पट्ट्यात काम मिळालं होतं. आणि याच नेरुळात, १९९९ मध्ये, शेअर बाजारातले राधाकिशन दमाणी यांनी अपना बाजारची एक शाखा फ्रँचायझी म्हणून चालवायला घेतली. तो साचा त्यांना पटला नाही. २००२ मध्ये त्यांनी पवईला पहिलं डीमार्ट उघडलं. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची म्हणजे भाडं नाही, पुरवठादाराला पैसे लवकर म्हणजे खरेदी स्वस्त, मोजकाच पण खपणारा माल. किंग कलनचीच विद्या, मराठी मध्यमवर्गाच्या वाणसामानाच्या यादीला लावलेली. गिरणगावातल्या सहकारी दुकानापासून डीमार्टकडे जाणारी वाट आमच्या नेरुळवरून गेली, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. :)

चकचकीत दुकानं आली तीही याच सुमाराला. २००५ मध्ये गोदरेजचं नेचर्स बास्केट, २००६ मध्ये मालाडला हायपरसिटी. पुढे हायपरसिटी वाशीच्या मॉलमध्येही आलं. त्या काळी आम्ही तिथे रविवारी नुसते फिरायला जायचो आणि चीजचे प्रकार बघून परत यायचो. २०१७ मध्ये हायपरसिटी फ्यूचर समूहाकडे गेलं, २०१९ मध्ये नेचर्स बास्केट स्पेन्सर्सने घेतलं, २०२२ मध्ये फ्यूचरचाच डोलारा कोसळला. थोडक्यात, जास्त भाव घेणाऱ्यालाही दुकान चालवणं सोपं जात नाही. एसी, भाडं, दिवे, नासलेली भाजी. आपले जास्तीचे पैसे बरेचसे तिथेच जिरतात.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. १९९० पासून आपल्याकडे पाकीटबंद मालावर सर्व करांसहित कमाल किमतीचा, म्हणजे एमआरपीचा नियम आहे. त्याच्यावर कोणालाही विकता येत नाही. म्हणजे तोच साबण, तीच टूथपेस्ट, तोच बिस्किटपुडा महागड्या दुकानातही छापील किमतीच्या वर जाऊ शकत नाही. फार तर तिथे सूट मिळत नाही, इतकंच. मग बिल फुगतं कुठे? जिथे तुलना करता येत नाही तिथे. निवडलेली, कापलेली, धुतलेली भाजी. परदेशी माल. दुकानाचा स्वतःचा छाप. आणि 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'गावरान' असे शब्द.

मी त्या डाळीचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला प्रमाणपत्र लागतं आणि पाकिटावर 'जैविक भारत'ची खूण असते. ती या पाकिटावर होती. म्हणजे निदान त्या शब्दामागे काहीतरी कागद आहे. खूण नसती तर ते एकशे तीस रुपये नुसत्या छपाईचे झाले असते. बटाट्यांच्या आंघोळीचं मात्र काही समर्थन करता येईना.

शुद्धतेसाठी दुप्पट पैसे मोजायलाच हवेत असंही नाही. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत चालू आहे. काही घरांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, सामान एकाच्या घरी उतरवून आपसात वाटून घ्यायचं. चांगला माल, वाजवी भाव, दुकान नाहीच. पण त्याचीही किंमत आहे: शेजाऱ्यांना वेळ द्यावा लागतो, एखाद्या रविवारी पोती उचलावी लागतात. आमचा संघ का बंद पडला? कोणालाच रविवार द्यायचा नव्हता, मलाही नाही. तेव्हा बायकोला वेळेवरून बोलायचा मला काही अधिकार नाही.

माझा निकाल तयार झाला होता: डाळ-तांदूळ, तेल, गूळ, बटाटा यांसाठी चकचकीत दुकान नको. खूण असलेला सेंद्रिय माल, तोही खरंच हवा असेल तर. बाकी नाका, डीमार्ट आणि मंडई जिंदाबाद.

पण गोष्ट इथे संपत नाही.

गेल्या रविवारी आई म्हणाली, "बघू तरी तुमचं ते आंघोळवालं दुकान." गुडघ्यांमुळे ती गेली दोन वर्षं बाजारात गेलेली नाही. मंडईच्या वाटेवरचा फूटपाथ उखडलेला, कडेला गाड्या, वर धक्काबुक्की. एकेकाळी वांगं नुसतं हातात घेऊन किडकं ओळखणारी ही बाई आता आम्ही आणू ते मुकाट्याने चिरते.

दुकानाची फरशी सपाट होती. तिने काठी माझ्या हातात दिली आणि ट्रॉलीचा दांडा धरून चालू लागली. तासभर चालली. प्रत्येक कप्प्यापाशी थांबली, पडवळ दाबून पाहिलं, भेंडीचं टोक मोडून पाहिलं. (तिथला मुलगा काहीतरी बोलणार होता, तिच्याकडे बघून गप्प बसला.) भाव वाचून तीन वेळा "अगं बाई" म्हणाली. दोन वर्षांनी ती स्वतः बाजार करत होती.

शेवटी तिने एक बिस्किटपुडा उचलला आणि छापील किंमत नीट वाचली.

"हा आपल्या नाक्यावर पण एवढ्यालाच ना? मग हा इथून घेऊ."

एका बिस्किटपुड्याचं बिल. त्यात एसी फुकट, ट्रॉली फुकट, सपाट फरशी फुकट. वाण्याच्या वहीइतकाच पक्का हिशेब!

आता महिन्यातून एकदा तिला तिथे न्यायचं ठरवलंय. त्या दिवशी थोडी भाजीही तिथूनच घेऊ, ती निवडेल ती. जास्त पडतील, पडू देत. ते पैसे भाजीचे नसतील.

असो. बराच लांबलो. ताई, तुला ती लिमलेटची गोळी कुठल्या रंगाची आठवते? मला नारिंगी आठवते, आई हिरवी म्हणते.