आजाऱ्याची पाठ

नागपूरच्या पूर्व भागातील लकडगंज या वस्तीच्या नावातच तिचा धंदा आहे. इमारती लाकडाच्या वखारी, आरागिरण्यांची दिवसभर चालणारी कर्कश घरघर आणि सागाचे ओंडके एका दमात खांद्यावर घेणारे हमाल ज्याने पाहिले, त्याला पाठीची किंमत निराळी सांगावी लागत नाही. परंतु जी पाठ काहीच वाहत नाही, महिनोन् महिने नुसती अंथरुणाला लागून असते, तिच्या शुश्रूषेलाही इतिहास आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंधराव्या अध्यायात, रुग्णगृहाची जी तरतूद सांगितली आहे, तीत परिचारकांची नेमणूक एखाद्या दफ्तरातील कामवाटपासारखी काटेकोर आहे: स्वयंपाकी वेगळा, स्नान घालणारा वेगळा, अंग चेपणारा तो संवाहक, रोग्यास उठविणारा तो उत्थापक आणि निजविणारा तो संवेशक. आपल्या घरांनी यांतला संवाहक तेवढा जतन केला. जवसाचे किंवा तिळाचे तेल कोमट करून नाभिकाने, आखाड्यातल्या वस्तादाने अथवा घरच्या सुनेने पाठ रगडली, की सेवा पुरी झाली असे मानण्याची वहिवाट पडली. उत्थापक आणि संवेशक यांच्या जागा मात्र रिकाम्या राहिल्या, आणि रोगी दिवसभर उताणाच.

त्या उताणेपणातून शय्याव्रण होतात. ते पक्षाघाताचेच अटळ फळ, असा पॅरिसच्या शार्को या थोर वैद्याचा ग्रह होता. वास्तविक ब्राउन-सेकार याने 1853 सालीच प्राण्यांवरील प्रयोगांतून दाब व ओलावा यांच्याकडे बोट दाखविले होते, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी 1859 च्या आपल्या पुस्तकात हा दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा, असे रोखठोक बजावले होते. पुढे इस्पितळांतून साबणपाणी, स्पिरिट व पावडर यांनी पाठ चोळण्याचा परिपाठ पडला. कमरेपासून खांद्यांपर्यंत तळहाताची लांब, संथ ओढ द्यावयाची, हे त्यातले खरे सुख. पण हाडाच्या उंचवट्यावर जेथे कातडी लाल झाली आहे, तेथे रगडल्याने आतले मांस अधिकच दुखावते, आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते, हे उशिरा पटले. 1944 पासून स्टोक मँडेव्हिलच्या इस्पितळात लुडविग गुटमन यांनी पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांची कूस रात्रंदिवस दर दोन तासांनी बदलविली. मला तर हा चरकाचा उत्थापकच पुनः कामावर रुजू झालेला दिसतो.

आमच्या आळीत एका वखारीचे वृद्ध मुकादम अर्धांगाने पडले होते. सून रोज सकाळी मन लावून तेल लावी, तरीही माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग उमटला. घरी येणाऱ्या परिचारिकेने त्यावर बोट दाबून उचलले. डाग पांढरा पडेना. "सूनबाई, इथे आता हात लावायचा नाही. बाकीची पाठ चोळा, पण आधी कूस बदला." एकट्या बाईला तो देह हलेना, म्हणून दुपारच्या सुटीत वखारीतले दोन हमाल येऊ लागले. चादरीची टोके मुठीत गुंडाळून, "मुकादमजी, मान सांभाळा," असे सांगून, ओंडका उचलताना देतात तीच हाक त्यांनी आवाज उतरवून दिली. मुकादम अलगद डाव्या कुशीवर आले. सुनेने गुडघ्यांमध्ये उशी सारली आणि तेलाची वाटी पुढे ओढली.