कळफलकाचा ताबा

लेखनसाधनांच्या इतिहासात आपण अक्षरांच्या वळणांविषयी पुष्कळ लिहितो; लिहिणाऱ्याच्या हाताखालून कागदच सरकवला गेला, तर त्याची नोंद मात्र होत नाही. विक्रोळीत कारखाना असलेल्या गोदरेजने 1955 साली पहिले भारतीय टंकलेखनयंत्र बनवले. त्यापुढे बसणाऱ्याची नजर हस्तलिखितावर असे. कळ दाबली की अक्षर समोरच्याच कागदावर उमटणार, ही हमी यंत्राच्या रचनेतच होती. विंडोज 95 मध्ये ती उरली नाही. मागे चाललेला कोणताही प्रोग्राम आपली खिडकी पुढे आणून कळफलकाचा ताबा घेऊ शके. त्याच क्षणी एंटर दाबली गेली, तर न वाचलेल्या प्रश्नाला परस्पर होकार!

विंडोज 98 पासून याला आळा बसला. माणूस लिहीत असेल तर शेवटच्या कळीनंतर 200 सेकंदांपर्यंत इतर खिडकीने पुढे घुसायचे नाही, तळपट्टीवर लुकलुकत थांबायचे. (दाराशी खाकरण्याची आपली जुनी रीत याहून निराळी नाही.) पळवाटा अर्थात राहिल्याच.

मराठीला ही चोरी दुहेरी भोवली. विंडोज 2000 ने युनिकोड देवनागरी आणली. पवईच्या आयआयटीत शिकवलेले कवी-अक्षरकार र. कृ. जोशी यांचा 'मंगल' हा टंक तिच्यासोबतच आला. परंतु लेखनाची भाषा प्रत्येक प्रोग्रामगणिक वेगळी राखली जाई. खिडकी बदलली की भाषाही बदले, बहुधा इंग्रजीवर जाई. मग इन्स्क्रिप्टने लिहिलेला 'मराठी' हा शब्द सी, जे, ई, अवतरणचिन्ह, आर असा उमटे. 'प्रकाश' लिहिताना जोडाक्षराच्या मध्यावरच गाठले, तर पाय मोडलेला 'प्' मागे राही आणि 'र'चा 'जे' होऊन भलतीकडे पडे.

पाठचिकित्सेत आपण लेखनिकाचे प्रमाद काटेकोरपणे वेगळे काढतो. अंधेरी-बोरिवलीच्या महाविद्यालयांत आमच्यापुढे येणाऱ्या प्रबंधांतला असा एकाकी 'प्' मात्र सरसकट विद्यार्थ्याच्या शुद्धलेखनाच्या खाती जमा होतो, त्यावर गुणही कापले जातात. हा अन्याय आहे, असे आम्हांला वाटते.

2012 च्या विंडोज 8 पासून लेखनाची भाषा सर्व खिडक्यांना सामायिक झाली. हवी तर ती पुन्हा वेगवेगळी ठेवता येते. ताबा अजूनही अधूनमधून जातोच; पळवलेली अक्षरे आता निदान देवनागरीत सापडतात.