हौशी गोल्फपटू

हौशी गोल्फपटू : ठरावीक मर्यादेपलीकडचे बक्षीस न घेणारा आणि खेळ शिकवण्याचे पैसे न घेणारा गोल्फ खेळाडू. हा दर्जा कौशल्यावर ठरत नाही, नियमाने ठरतो. जगातले उत्तम फटके मारणारा विशीतला मुलगाही हौशी असू शकतो. हे नियम स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील 'आर अँड ए' ही संस्था आणि अमेरिकेचा गोल्फ संघ मिळून करतात. २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार हौशी खेळाडूला स्पर्धेत ७०० पौंड किंवा १,००० डॉलरपर्यंतचे बक्षीस घेता येते. प्रायोजक मिळवण्यावर व जाहिरातीत दिसण्यावर असलेली जुनी बंधनेही त्याच वेळी गेली. हा बदल फार आधी व्हायला हवा होता. तोपर्यंत वरच्या पातळीवर हौशी राहणे हे बऱ्याच अंशी घरच्या ऐपतीवर अवलंबून होते.

अमेरिकेचे बॉबी जोन्स आयुष्यभर हौशी म्हणून खेळले. १९३० मध्ये त्यांनी ब्रिटन व अमेरिकेच्या खुल्या आणि हौशी अशा चारही अजिंक्यपद स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. भारतात १९६५ ची इंडियन ओपन बिल्लू सेठी यांनी हौशी असताना जिंकली आणि व्यावसायिकांना मागे टाकले. आज मात्र हौशी काळ म्हणजे बहुधा वयाच्या पंधराव्या ते बाविसाव्या वर्षापर्यंतचा तयारीचा टप्पा असतो.

हा टप्पा कसा असतो, ते स्कॉटलंडच्या लुईस डंकनच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसते. पश्चिम किनाऱ्यावरच्या वेस्ट किलब्राइडची ही मुलगी स्टर्लिंग विद्यापीठात शिकत होती. जून २०२१ मध्ये तिने किलमार्नॉक येथे महिलांची हौशी अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. छत्तीस होलच्या अंतिम सामन्यात ती नऊ होलनी पुढे गेली तेव्हा आठच होल उरले होते. या विजयामुळे ऑगस्टमध्ये कार्नूस्टी येथील महिलांच्या ओपनमध्ये तिला प्रवेश मिळाला. तिथे पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, सात फटके कमी घेऊन ती संयुक्त दहावी आली. त्या क्रमांकाची रक्कम व्यावसायिकाच्या कित्येक महिन्यांचा खर्च भागवणारी होती, पण हौशी असल्यामुळे ती तिला घेता आली नाही. सर्वोत्तम हौशी खेळाडूचे चांदीचे तबक तेवढे मिळाले. पुढच्या वर्षी ती व्यावसायिक झाली. स्कॉटलंडमधल्याच ब्लेअरगाउरीचा कॉनर ग्रॅहम तर सोळाव्या वर्षीच २०२३ च्या वॉकर चषकात ब्रिटन-आयर्लंड संघाकडून अमेरिकेविरुद्ध खेळला. त्या संघाचा तो आजवरचा सर्वांत लहान खेळाडू.

अशी मुले तिथे वारंवार निपजतात, याचे मुख्य कारण प्रशिक्षण नव्हे, जागा आहे. स्कॉटलंडमध्ये लहान गावालाही स्वतःचे मैदान असते. सेंट अँड्र्यूजचे जगप्रसिद्ध 'ओल्ड कोर्स' हेदेखील सार्वजनिक आहे, आणि रविवारी खेळ बंद असतो तेव्हा गावकरी तिथे फिरायला येतात. शाळा सुटल्यावर मूल पायी जाऊन नऊ होल खेळून येऊ शकते.

महाराष्ट्रातही खेळ लवकर आला, पण गावात उतरला नाही. कोलकात्यात १८२९ मध्ये आणि मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब निघाले. ब्रिटनबाहेरच्या सर्वांत जुन्या क्लबांत या दोघांची गणना होते. मुंबईच्या क्लबाने सेंट अँड्र्यूजला पदकही भेट दिले होते. पुढे मुंबईत विलिंग्डन क्लब आणि चेंबूरचे प्रेसिडेन्सी, तर पुण्यात येरवड्याचे मैदान अशी केंद्रे झाली. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजून 'गोल्फ क्लब ग्राउंड' म्हणतात, मात्र तिथे आता रणजी सामने होतात. अठरा होलना शंभर-दीडशे एकर जमीन आणि भरपूर पाणी लागते. त्यामुळे उरलेली मैदाने लष्करी छावण्यांत, क्लबांत आणि महागड्या वसाहतींत आहेत. वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगच्या मुलाच्या हातात उपजतच गोल्फ असला, तरी ते त्याला कळण्याचीच सोय नाही.

छावणीने मात्र काही मुलांना दार उघडले. पुण्यात १९८७ मध्ये जन्मलेला अनिर्बन लाहिरी हा लष्करी डॉक्टरांचा मुलगा. वडिलांच्या बदल्यांबरोबर तो छावण्यांच्या मैदानांवर शिकला. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत सांघिक रौप्यपदक मिळवणाऱ्या भारताच्या हौशी संघात तो होता, आणि पुढच्याच वर्षी व्यावसायिक झाला. आशियाई स्पर्धांमधील गोल्फ तेव्हा हौशी खेळाडूंसाठीच होते. १९८२ मध्ये दिल्लीत लक्ष्मण सिंह यांनी आणि २००२ मध्ये बुसानला शिव कपूरने वैयक्तिक सुवर्ण जिंकले. २०१४ मध्ये इंचॉनला खेळलेला उदयन माने पुढच्या वर्षी व्यावसायिक झाला. अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतल्यावर ऐन वेळी त्याला टोकियो ऑलिंपिकचे दार उघडले. पहिल्या दिवशी त्याला ७६ फटके लागले, दुसऱ्या दिवशी ६९. दडपणाखालून असे सावरणे हौशी काळातल्या चारदिवसीय स्पर्धांतूनच अंगी येते.

भारतात ही शिडी इंडियन गोल्फ युनियनच्या कनिष्ठ वयोगटांपासून सुरू होते आणि १८९२ पासूनच्या अखिल भारतीय हौशी अजिंक्यपदापर्यंत जाते. २००९ मध्ये सुरू झालेल्या आशिया-पॅसिफिक हौशी स्पर्धेचा विजेता थेट अमेरिकेतील मास्टर्स व ब्रिटनची ओपन या अव्वल व्यावसायिक स्पर्धा खेळतो. दुसरी वाट अमेरिकी विद्यापीठांच्या शिष्यवृत्तीची. जीव मिल्खा सिंग आणि शिव कपूर त्या वाटेने गेले. २०२४ च्या ओपनमध्ये सर्वोत्तम हौशी ठरलेला स्कॉटलंडचा कॅलम स्कॉटही टेक्सासमध्ये शिकत होता.

या शिडीवर ज्यांना कधी पाऊल ठेवता आले नाही, ती मुले मैदानाच्या सर्वांत जवळ राहत होती. ती म्हणजे पिशव्या वाहणारे कॅडी. हौशी स्पर्धेत प्रवास, राहणे आणि साधने पदरची असतात. चौदापर्यंत काठ्या असलेला संच कॅडीच्या घराला परवडत नाही. म्हणून ही मुले हौशी टप्पा वगळून थेट व्यावसायिक झाली. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबचा कॅडी होता. १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९३ मध्ये त्याने ती स्पर्धा जिंकली. २०२२ च्या नियमांमुळे अशा मुलाला आता प्रायोजकाच्या पैशावर हौशी स्पर्धा खेळता येतात.